कांबळे बाईंची तीन बोटं

“जगताप, खुबा मोडलाय माझा. शनिवारी सकाळी ऑपरेशन आहे. भूल तू द्यायचीस.”

कांबळे बाईंचा फोन असाच यायचा. कशी आहेस, काय चाललंय, ही प्रस्तावना त्यांना वेळेची नासाडी वाटे. मी एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात कणकेचा उंडा घेऊन ओट्याशी उभी होते, ती तशीच उभी राहिले.

स्वारगेटला बसमधून उतरताना त्यांचा पाय घसरला होता. लोकांनी फुटपाथवर आडवं केलं, कुणी पाणी आणलं. रिक्षावाला म्हणाला, “आजी, लवकर चला, आत रक्त जात असेल.” बाईंनी स्वतःच्या मनगटावर तीन बोटं ठेवली, घड्याळात पाहिलं आणि त्याला सांगितलं, “घाई नको. खड्डे तेवढे चुकवा.” हे सगळं त्या मला क्रिकेटचं समालोचन करावं तसं सांगत होत्या. मोडलेला खुबा दुसऱ्याच कुणाचा असावा आणि यांना मधल्या रांगेत जागा मिळाली असावी, असा एकूण आवेश.

इकडे मला घाम फुटला होता. बाईंचं वय बहात्तर, हृदयाचा पंप निम्म्या ताकदीचा. रक्त पातळ करणारी गोळी चालू, म्हणून पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करण्याची सोयही नाही. पूर्ण भूल द्यायची. त्यात रक्तदाब उतरला आणि तसाच राहिला, तर त्या हृदयालाच रक्त पुरणार नाही. उतरला म्हणून सलाईन ओतलं, तर ते हृदय पुढे ढकलू शकणार नाही आणि फुप्फुसांत पाणी साचेल. नेमक्या याच कात्रीत पंधरा वर्षांपूर्वी मी एका माणसाला अडकवलं होतं, तेही बाईंच्या डोळ्यांदेखत.

“बाई, पुण्यात माझ्याहून चांगले भूलतज्ज्ञ पुष्कळ आहेत.”

“आहेत ना. निम्म्यांना मीच शिकवलंय. यादी पाठ आहे माझी. उद्या येऊन नाडी बघून जा.” आणि फोन बंद.

बाई आम्हाला भूलशास्त्र शिकवायच्या. सगळे प्राध्यापक ‘सर’ नाहीतर ‘मॅडम’, फक्त या ‘बाई’. पहिल्या दिवशी मी मॅडम म्हणाले, तर म्हणाल्या, “मॅडम बँकेत असतात. इथं बाई.” बुटक्या, काळ्यासावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. वारज्याहून स्कूटरवर यायच्या आणि हेल्मेट काढायच्या आधीच शिकवायला सुरुवात करायच्या. त्यामुळे पहिली दोन वाक्यं आम्हाला कधीच ऐकू आली नाहीत.

त्यांचा पहिला तास मी विसरणं शक्य नाही. आम्ही सहा जण वह्या उघडून बसलो होतो. बाईंनी भाजीच्या पिशवीतून भलामोठा फ्लॉवर काढून टेबलावर ठेवला.

“मेंदू,” त्या म्हणाल्या. “सगळे या वरच्या फुलाच्या मागे. विचार इथं, आठवणी इथं, कविता इथं. असू देत. तुमचं पोट भरायचंय ते या देठावर.”

पुस्तकात त्याला मस्तिष्कस्तंभ म्हणतात. बाईंना तो शब्द आवडत नसे. स्तंभ म्हटलं की त्यांना पुढाऱ्यांनी उद्घाटन केल्यासारखं वाटायचं. त्यांनी सुरीनं देठ उभा चिरला आणि पदर खोचला. पदर खोचला की बाईंचा आवाज एक पट्टी वर जायचा, हे आम्हाला पुढे कळलं.

“मानेतल्या धमनीतून दर ठोक्याला इथं टपाल येतं. दाब वाढलाय, दाब उतरलाय. ते या खोलीत फुटतं. इथून दोन हुकूम सुटतात. एक हृदयाला, हळू चल. दुसरा रक्तवाहिन्यांना, आवळून धरा. दाब वाढला की पहिल्याला जोर, उतरला की दुसऱ्याला. दिवसरात्र चाललंय, तुम्हाला पत्ताही नाही. आता तुम्ही अफूच्या कुळातलं औषध दिलंत. मॉर्फिन घ्या, फेंटानिल घ्या. ते कुठं जाऊन बसतं? याच खोल्यांत. कारण तिथं त्याच्यासाठी जागा आधीपासून केलेली आहे. शरीर स्वतःची अफू स्वतः बनवतं, ती बसायची जागा ही. हा पाहुणा तिथं बसला की आवळून धरा हा हुकूम ढिला पडतो आणि हळू चल याला जोर येतो. वाहिन्या सैल, नाडी मंद, दाब खाली. आणि गंमत बघा, औषधानं हृदयाला काही सांगितलेलंच नाही. त्यानं वरच्या कचेरीत सांगितलं.”

हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकत होते, की ही बातमी त्यांनाही आजच सकाळी कळली असावी. पुढे तीन वर्षं मी हाच तास चोरून पुन्हा पुन्हा ऐकला. दर वेळी त्यांना ती बातमी आजच कळलेली असायची.

देशमुख नावाचा आमच्यातला हुशार मुलगा म्हणाला, “पण बाई, मॉर्फिननं अंग लाल होतं आणि वाहिन्या जागच्या जागी पण सैलावतात ना?”

बाई टेबलाला वळसा घालून त्याच्यापर्यंत गेल्या. “बरोबर. ते खालच्या खाली. तिथं देठाचा संबंध नाही. रक्त गेलं तरी दाब उतरतो, तिथंही देठाचा दोष नाही. म्हणून दाब उतरला की आधी विचारायचं, कोण सांगतंय?” मग त्यांनी पर्समधून स्टीलची चपटी डबी काढली आणि देशमुखच्या तळहातावर मीठ लावून वाळवलेल्या आवळ्याची एक फोड ठेवली.

ती फोड म्हणजे आमच्या विभागातलं सुवर्णपदक. बाई तोंडानं कधी शाबास म्हणायच्या नाहीत. मला ती तीन वर्षांत एकदाही मिळाली नाही. कशी लागते, हे मी देशमुखला विचारून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी डब्यातून फ्लॉवरची भाजी आणली आणि सगळ्यांना वाढली. “कालचा मेंदू,” एवढंच म्हणाल्या.

ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांचा एकच नियम होता. पेशंटच्या मनगटावर तीन बोटं ठेवल्याशिवाय मॉनिटरकडे बघायचं नाही. मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीवर बॉलपेननं लिहिलेली त्यांची सूचना होती: ‘मनगट मोकळे असताना येथे पाहणाऱ्यांनी आपली पदवी कार्यालयात जमा करावी.’ आम्ही हसायचो. मी तर जरा जास्तच हसायचे.

आणि मीच चुकले. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले एक दुकानदार होते, साठीचे, हृदय अशक्त. दुखतंय म्हणाले म्हणून मी मॉर्फिन दिलं. दहा मिनिटांत मॉनिटरवर दाब नव्वदच्या खाली. माझ्या डोक्यात एकच विचार आला, पोटात कुठंतरी रक्त जातंय. मी सलाईन जोरात सोडलं, एक बाटली, दुसरी बाटली, आणि सर्जनना बोलवायला धावले. बाई आल्या तेव्हा तो माणूस बसून धापा टाकत होता, ओठ निळे आणि छातीत घरघर. बाईंनी मनगट धरलं.

“नाडी किती होती, दाब उतरला तेव्हा?”

मी मॉनिटरच्या कागदावर बघून सांगितलं, “पन्नास.”

“रक्त गेलं तर नाडी पळते, जगताप. ही बसली होती. कोण सांगत होतं?”

ते दुकानदार दोन दिवस व्हेंटिलेटरवर होते. बाई मला एक शब्द रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातात वही दिली आणि त्या माणसाच्या पलंगाशी स्टूल ठेवलं. दर पंधरा मिनिटांनी त्याची नाडी बोटांनी बघायची आणि लिहायची. मॉनिटरवर बाईंनी टॉवेल टाकून ठेवला होता, तो फक्त सिस्टरांनी उचलून बघायचा. आठवड्यानं तो माणूस घरी निघाला आणि जाताना मलाच धन्यवाद देऊन गेला, की डॉक्टरीणबाईंनी हात सोडला नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. तेव्हापासून सलाईनची चक्री फिरवताना माझा हात क्षणभर थांबतो, तो आजतागायत.

बाईंचा उत्साह दवाखान्याच्या फाटकाशी संपत नसे. वैशाख पौर्णिमेला त्या आम्हाला वारज्याला घरी खिरीला बोलवायच्या. फळीवर बुद्धमूर्ती, खाली चटई. वंदनेला बसण्याआधी बाई सगळ्यांच्या नाडीचे आकडे घ्यायच्या आणि वंदना झाल्यावर पुन्हा. “बघा, सहानं उतरली. औषध न देता.” त्यांचे थोरले बंधू एकदा कातावून म्हणाले, “अगं, निदान आजच्या दिवशी तरी.” बाई म्हणाल्या, “दादा, तुझी दहानं उतरलीय,” आणि त्यांना दुप्पट खीर वाढली.

धायरीच्या तात्यांचा किस्सा तर मी स्वतः पाहिलेला. तात्या जुने शेतकरी. जमिनीवर आता इमारती उभ्या होत्या, पण ते त्यांतल्याच एकीच्या तळमजल्यावर अंगणात खाट टाकून राहायचे. हाडांत पसरलेला कॅन्सर. बाईंनी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या, तात्या झोपू लागले, आणि आठवड्यात मुलाचा फोन आला की गोळ्या बंद केल्यात. बाईंनी मला स्कूटरवर मागं बसवलं आणि सिंहगड रस्त्यानं असं काही नेलं, की त्या दिवशी माझीच नाडी बघण्यासारखी होती.

“बाई, गर्दच हाय म्हनं ती गोळी,” मुलगा म्हणाला. “तात्या न्हाणीत जाताना धाडकन पडलं. डोकं फुटता फुटता वाचलं.”

तात्या खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. “गोळीनं दुखनं थांबतंय बगा,” ते हळूच म्हणाले. “पर उठलं की डोळ्याम्होरं अंधार.”

बाईंचा पदर खोचला गेला. त्यांनी तात्यांना एक गोळी दिली आणि आम्ही तासभर थांबलो. मग तात्या आडवे असताना दाब घेतला, नेहमीसारखा. एकाएकी उभं केलं, मी एका बाजूनं आणि मुलगा एका बाजूनं धरून. दाब तीसनं खाली. “बघितलंत?” बाई त्या मुलाला म्हणाल्या. “माणूस उभा राहिला की रक्त पायात उतरतं. मेंदूचा देठ लगेच वाहिन्या आवळतो, म्हणून आपण पडत नाही. गोळीनं तो देठ जरा सुस्तावलाय. नशा नाही ही. त्याला हुकूम द्यायला वेळ द्या, इतकंच.” मग त्यांनी तात्यांना उठायला शिकवलं. आधी कुशीवर, वीस आकडे. मग पाय खाली सोडून बसायचं, पंजे हलवत, पन्नास आकडे. मग धरून उभं. अंगणात नातवंडं जमली होती, तीही मोजायला लागली. पन्नासाला तात्या उभे राहिले आणि अंधार आला नाही. ते तसेच न्हाणीपर्यंत गेले आणि परत आले.

परतताना बाई स्कूटरवर मोठमोठ्यानं बोलत होत्या. “माणूस दुखण्यानं तळमळत होता, जगताप, आणि औषध कपाटात होतं. नुसतं उठायला शिकवायचं राहिलं होतं आपलं.” ‘आपलं’ म्हणाल्या, ‘त्यांचं’ नाही. मला बाई फार आवडायच्या, पण त्या दिवशी जितक्या आवडल्या तितक्या कधीच नाहीत.

तर त्या बाई आता शनिवारी सकाळी आठ वाजता माझ्यासमोर टेबलावर आडव्या होत्या.

“काय देणारेस?”

“आधी फेंटानिल. थोडं थोडं, हळूहळू.”

“माझ्या मनगटावर बोटं?”

“आहेत, बाई. बासष्ट.”

“दाब?”

“एकशे अठ्ठावीस.”

“आता ऐक. माझ्या नाडीवर विश्वास ठेवू नकोस.” त्यांचा चेहरा उजळला होता. “हृदयासाठी मी रोज जी गोळी घेते ना, तिनं नाडी बांधलेली आहे. उद्या रक्त जरी गेलं, तरी ती पळायची नाही. म्हणजे माझा नियम मलाच लागू नाही. आयुष्यभर शिकवला आणि माझ्यावर चालत नाही. काय मजा आहे बघ.”

मला मजा दिसत नव्हती. बाईंनी मोकळ्या हाताची तीन बोटं स्वतःच्या दुसऱ्या मनगटावर टेकवली, माझ्या बोटांशेजारी, आणि तशाच झोपी गेल्या.

मी श्वासाची नळी घातली. सर्जन हात धुऊन आले, अजून सुरी लागली नव्हती. दाब एकशे दहा झाला. मग चौऱ्याण्णव. मग अठ्ठ्याहत्तर.

सर्जन तरुण होते आणि घाबरले होते. “मॅडम, हाड मोडून तीन दिवस झालेत, मांडीत रक्त साचलं असेल. सलाईन जोरात सोडा ना.”

माझा हात चक्रीवर गेला. ते दुकानदार, त्यांचे निळे ओठ आणि ती घरघर सगळं समोर उभं राहिलं. नाडीवर विश्वास ठेवू नकोस, असं बाईंनीच सांगितलेलं. मग विचारायचं कुणाला? मी चक्रीवरचा हात काढला आणि बाईंच्या मनगटावर परत ठेवला. डोळे मिटून मोजलं. बासष्टची नाडी चव्वेचाळीसवर आली होती.

आणि एकदम लख्ख दिसलं. बांधलेला घोडा पळणार नाही, हे खरं. पण तो बसला असेल, तर त्याला कुणीतरी बसवलंय. रक्त गेलं असतं तर बांधलेली नाडी बासष्टवर राहिली असती, फार तर थोडी चढली असती. खाली कशाला येईल? सकाळी तपासलेलं रक्तही ठीक होतं. आणि सगळं घडलं ते फेंटानिल गेल्यावर, सुरी लागायच्या आधी.

“सलाईन नको,” मी म्हणाले. माझा आवाज एक पट्टी वर गेला होता. “वरून हुकूम आलाय.” सर्जननी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मलाच भूल चढली आहे. मी धडका पाय उशीवर उचलायला सांगितला आणि नाडी वर आणून वाहिन्या आवळणारं औषध अगदी थोडं दिलं. मनगट सोडलं नाही. पन्नास. छप्पन्न. मॉनिटरवर चौऱ्याऐंशी, सत्त्याण्णव, मग एकशे बारा. मला त्या थिएटरमध्ये उडी मारावीशी वाटत होती. मी फक्त म्हणाले, “करा सुरू.”

दुपारी बाईंना जाग आली. डोळे उघडायच्या आधी बोटं हलली आणि मनगट शोधू लागली. मी ते त्यांच्या हाती दिलं.

“किती उतरला?” आवाज घोगरा.

“अठ्ठ्याहत्तर. नाडी चव्वेचाळीस.”

“कोण सांगत होतं?”

“देठ, बाई.”

“नाडी तर बांधलेली. कसं कळलं?”

मी घोड्याचं सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. मग त्यांच्या तोंडावर देशमुखकडे टेबलाला वळसा घालून जातानाचं ते हसू हळूहळू पसरलं.

“पाणी किती ओतलंस?”

“मोजून, नेहमीचं तेवढंच. वर थेंब नाही.”

“पर्समध्ये डबी आहे. काढ.” मी काढली. “एक फोड दे मला. तोंडाला चव नाही.”

पंधरा वर्षांत पहिल्यांदा ती डबी माझ्या हातात होती आणि बाई मागत होत्या. मी झाकण उघडलं, आणि लावलं.

“नाही देणार, बाई. पूर्ण भूल झालीय, आत्ता गिळताना ठसका लागला तर? संध्याकाळी आधी घोटभर पाणी, मग बघू.”

“माझेच नियम मला शिकवतेस?”

“हो.”

बाईंनी डोळे मिटले. “बरोबर,” त्या म्हणाल्या. “आता तू घे.”

पुढे बाई तीन वर्षं काठी टेकत वारज्यात हिंडल्या, भाजीवाल्यांच्या नाड्या बघितल्या, आणि एका सकाळी झोपेतून उठल्याच नाहीत. त्या काळातल्या त्या मला फारशा आठवत नाहीत. आठवतात त्या ऑपरेशननंतरच्या दुपारच्या. मी डबी घेऊन दारापर्यंत आले आणि वळून पाहिलं. नवी सिस्टर दाब मोजायचं यंत्र घेऊन आली होती आणि मॉनिटरकडे बघत होती. बाईंनी पलंगावरून हात लांब करून तिची बोटं पकडली आणि आपल्या मनगटावर नेऊन ठेवली. “आधी इथं,” त्या म्हणत होत्या. “मोज. आणि मग मला सांग, कोण सांगतंय?”

मी बाहेर जाऊन फोड तोंडात टाकली. देशमुखनं सांगितलं होतं त्याहून ती पुष्कळच खारट होती.